बाईंचा शिक्का आणि कोरे कागद

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ सागवानी आहे, पण तिच्यावरचं पॉलिश केव्हाच उडून गेलं आहे. रबर तर इतकं कडक झालं आहे की आता मला शाईत बुडवलं तरी निम्मीच अक्षरं उठतील. तरीही माझ्या तोंडावर काय कोरलं आहे ते मला पाठ आहे, कारण जन्मभर मी दुसरं काही बोललोच नाही. 'सौ. सुहासिनी दिनानाथ केळुसकर, विधानसभा सदस्य.' मित्रांनो, एवढंच माझं भाषण. त्यापुढे एक वाक्य जरी मला बोलता आलं असतं, तरी आज तुमच्यासमोर असं रडगाणं घेऊन बसलो नसतो. पण थांबा, क्रमाने सांगतो.

माझा जन्म १९९५ च्या मार्चमध्ये माणिकपूरला, रिक्षा स्टँडच्या मागच्या एका अरुंद दुकानात झाला. रॉबर्ट नावाच्या कारागिराने छापखान्यातले बारीक खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, एकेक करून जुळवले, त्यांचा साचा घेतला आणि त्यावर रबर ठेवून असं काही तापवलं की त्याची आठवण झाली की अजून माझ्या अंगाची आग होते. मग मला मुठीवर चिकटवलं, शाईत बुडवलं आणि एका जुन्या वर्तमानपत्रावर उमटवलं. जांभळी, ठसठशीत अक्षरं उठली. मला वाटलं, चला, आपण कुणीतरी आहोत.

मला न्यायला बाई स्वतः आल्या. सुहासिनीबाईंना आमदार होऊन दहाच दिवस झाले होते. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं होतं, त्यामुळे अर्धं गाव त्यांना 'बाई'च म्हणायचं. रॉबर्टची मुलगी टिफनीसुद्धा त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

"घ्या बाई," रॉबर्ट म्हणाला, "आता तुमच्या शब्दाला वजन आलं."

"ते पेलता आलं पाहिजे रे बाबा," बाई म्हणाल्या आणि मला पर्समध्ये टाकलं.

बाई निवडून आल्या होत्या त्या पाण्याच्या प्रश्नावर. तुमच्यापैकी जे नव्या इमारतींत राहतात त्यांना बावखल हा शब्द कदाचित माहीत नसेल. बावखल म्हणजे बागायतीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, त्यावर वर्षभर केळी, पानवेली आणि भाजी जगते. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी गोडं राहतं तेही त्याच्याच जोरावर. तेव्हा इमारती अशा भराभर उठत होत्या की एकेक बावखल मातीने बुजत चाललं होतं. बाई गावोगाव फिरून एकच सांगायच्या, 'मी असेपर्यंत एकही बावखल बुजू देणार नाही.' उमेळे गावातल्या बागायतदारांनी तर त्यांना अक्षरशः डोक्यावर घेतलं होतं. त्यांत सगळ्यात पुढे होता सॅन्टन. त्याची केळीची बाग गावच्या मोठ्या बावखलाला लागून होती आणि बाईंची पत्रकं तो सायकलवरून घरोघरी वाटायचा.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. बाईंच्या घरची पुढची खोली हीच त्यांची कचेरी. सकाळी सातपासून माणसं यायची. कुणाला मुलाच्या शाळाप्रवेशासाठी पत्र हवं, कुणाला रेशनकार्डासाठी, कुणाला इस्पितळासाठी. टाइपरायटरवर जितेंद्र बसायचा. तो बाईंचा जुना विद्यार्थी, वय पस्तिशीचं, नालासोपाऱ्याला दोन खोल्यांत बायकोमुलीसह राहणारा. त्याची बोटं वाऱ्यासारखी चालायची. पत्र तयार झालं की बाई ते ज्याचं त्याला मोठ्याने वाचून दाखवायच्या, "हेच हवं ना तुला? नीट ऐक हं," असं विचारायच्या, मग सही करायच्या आणि सगळ्यात शेवटी माझी पाळी. मी पडलो की समोरच्या माणसाच्या जिवात जीव यायचा. खरं सांगतो, त्या काळात मला थोडा ताठा चढला होता. टाचण्यांच्या डबीशी तर मी बोलतही नसे.

त्या वर्षी डिसेंबरात बाई हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला गेल्या. अर्थात मीही गेलो. इकडे उमेळ्याला सॅन्टनची बायको बेला आजारी पडली. तिच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात खाट मिळायची तर आमदारांचं पत्र आणा, असं तिथल्या बाबूने सांगितलं. सॅन्टन धावत माणिकपूरला आला. जितेंद्रने नागपूरला फोन लावला. बाई फोनवरून त्या बाबूशी पंधरा मिनिटं भांडल्या, विनवण्या केल्या, पण त्याला सहीशिक्क्याचा कागद हवा होता. बाईंनी पत्र लिहून टपालाने पाठवलं. ते पोचलं त्याच्या आदल्या दिवशी बेला गेली. नाताळ तीन दिवसांवर आला होता.

आणि मी काय करत होतो, तर नागपुरात विधानभवनाचे पास छापत होतो.

बाई गाडीतून उतरल्या त्या थेट उमेळ्याच्या दफनभूमीत गेल्या. मी पर्समध्येच होतो, त्यामुळे सॅन्टनचे शब्द मला ऐकू आले. "बाई, तुमची काय चूक नाय. तुम्ही गावातच नव्हत्या ना." त्याने हे बाईंना धीर द्यायला म्हटलं होतं. बाईंच्या मात्र ते काळजात रुतलं. घरी आल्यावर त्या यजमानांना, दिनानाथरावांना म्हणाल्या, "मी गावात नव्हते म्हणून माणूस मेलं. हे पुन्हा होता कामा नये."

पुढच्या वर्षी नागपूरला निघण्याआधी बाईंनी आपल्या नावाचे पंचवीस छापील कागद घेतले आणि त्यांच्यावर नुसत्या खाली सह्या केल्या. वर काही नाही, कोरे. ते त्यांनी जितेंद्रच्या हवाली केले आणि मलाही त्याच्यापाशी ठेवलं. "कुणी अडलानडला आला तर त्याला परत पाठवू नकोस. पत्र टाइप कर, शिक्का मार आणि दे. प्रत्येकाची कार्बन प्रत फाइलला लाव. मी आल्यावर सगळ्या वाचीन." दिनानाथराव एवढंच म्हणाले, "सुहास, कोऱ्या कागदावर सही?" बाई म्हणाल्या, "जितू माझा विद्यार्थी आहे."

त्या वर्षी सगळं सुरळीत झालं. अठरा पत्रं गेली, आल्यावर बाईंनी अठराही प्रती चष्मा लावून वाचल्या आणि उरलेले सात कागद फाडून टाकले. एका बाळंतिणीचा जीव वाचला, दोन मुलांना शाळा मिळाली. लोक म्हणायचे, आपले आमदार नागपुरात असले तरी इथेच असतात. मित्रांनो, माणसाचा पाय घसरतो तो अशाच वेळी, जेव्हा आदल्या खेपेला काही बिघडलेलं नसतं.

तिसऱ्या वर्षीही बाई सह्या केलेले कोरे कागद आणि मला जितेंद्रपाशी ठेवून नागपूरला गेल्या. त्या डिसेंबरातली एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हर्षवर्धन नावाचा एक बिल्डर खोलीत आला. स्वच्छ पांढरा शर्ट, गोड बोलणं.

"जितूभाऊ, एक छोटं काम आहे," तो म्हणाला. "उमेळ्याला एक डबकं आहे, कुणी वापरत नाही. नुसती शेवाळं आणि डास. लोक वैतागलेत. बुजवायला परमिशन पाहिजे. मॅडमचं एक शिफारसपत्र मिळालं तर पब्लिकचं भलं होईल."

"बाई नागपूरला आहेत."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. पब्लिकचं काम आहे रे, माझं काय त्यात?"

जितेंद्रची मुलगी अश्लेषा त्याच पावसाळ्यात मलेरियाने दहा दिवस तापात फणफणली होती. डास हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा बदलला. तो फ्लॅटमध्ये वाढलेला माणूस. बावखल त्याने भाषणात शंभरदा टाइप केलं होतं, पण डोळ्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. भाषणातलं बावखल आणि हर्षवर्धनचं डबकं हे एकच असू शकेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याने सही केलेला एक कोरा कागद टाइपरायटरच्या रुळात सरकवला. 'सदर डबके निरुपयोगी असून त्यामुळे परिसरात रोगराई पसरत आहे. तरी जनहितार्थ ते बुजवण्यास परवानगी मिळावी, ही शिफारस.' तीन मिनिटांत काम झालं.

मग त्याने मला उचललं. मी उमेळ्याला गेलो होतो. बाईंच्या पर्समधून का होईना, सॅन्टनच्या तोंडून ते बावखल मी शंभरदा ऐकलं होतं. मला कळत होतं. मी जीव खाऊन ओरडलो, 'अरे जितू, थांब, हे तेच आहे!' पण शिक्क्याचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? मी कागदावर आपटलो आणि माझ्या तोंडून निघालं तेच ते, 'सौ. सुहासिनी दिनानाथ केळुसकर, विधानसभा सदस्य.' इतकं स्पष्ट मी त्याआधी कधी उमटलो नव्हतो.

कार्बन प्रत त्याने इमानाने फाइलला लावली. बाई परत आल्या. नाताळची आमंत्रणं, शाळेचं स्नेहसंमेलन, टंचाईच्या बैठका, एकामागून एक सुरू झालं. फाइल टेबलावर होती, मी तिच्या शेजारीच होतो. रोज वाटायचं, आज उघडतील. "जितू, सगळं ठीक ना?" बाईंनी विचारलं. "हो बाई, नेहमीसारखीच पत्रं," तो म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मी चार महिने त्या फाइलला टेकून बसलो होतो, मित्रांनो. चार महिने!

एप्रिलमध्ये बावखलाचं पाणी तळाला गेलं होतं, तेव्हा मातीने भरलेले ट्रक आले. गावकरी आडवे झाले. ट्रकवाल्यांच्या माणसाने परवानगी दाखवली आणि तिला जोडलेलं पत्र काढलं. सॅन्टनने ते हातात घेतलं. सही बाईंची आणि खाली मी. गाव कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिलं तोवर चार दिवसांत निम्मं बावखल बुजलं, आणि पुढे कधीतरी स्थगिती आली तेव्हा बुजवायला फारसं काही उरलं नव्हतं.

ट्रक आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं मी सांगत नाही. एवढंच सांगतो की बाईंच्या नावावर हर्षवर्धनच्या इमारतीत तीन फ्लॅट आहेत, असं जो तो खात्रीने बोलू लागला. बाई तेव्हाही त्याच जुन्या घरात राहत होत्या, जिथे पावसाळ्यात बादली लावावी लागे. दिनानाथरावांनी बाजारात जायची वाट बदलली. बाईंनी ती फाइल उघडली आणि प्रत वाचली. जितेंद्र त्यांच्या पायाशी बसून हुंदके देत होता. "बाई, मला खरंच माहीत नव्हतं हो. डबकं म्हणाला तो."

पक्षातली वजनदार मंडळी आली. त्यांनी तोडगा आणलाच होता. "मॅडम, सोपं आहे. सही बनावट म्हणायचं, शिक्का चोरीला गेला म्हणायचं. ही प्रत जाळा, तो शिक्का खाडीत टाका आणि या माणसावर फिर्याद ठोका. आठ दिवसांत सगळे विसरतील. तिकीटही शाबूत राहील."

जितेंद्र भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "बाई, घाला माझं नाव. माझीच चूक आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगू? मला त्या क्षणी खाडीत जायचं होतं. बुडून मी बाईंना वाचवलं असतं तर माझ्या जन्माचं सार्थक झालं असतं. पण बाईंनी मला उचलून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "सही माझी आहे. खोटी कशी म्हणू?"

त्याच संध्याकाळी त्या एकट्या उमेळ्याला गेल्या. गावच्या क्रुसाजवळ सारा गाव जमला होता. बाईंनी काही आडपडदा न ठेवता सांगितलं, की मी कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवत होते, त्यातला एक असा वापरला गेला, प्रत माझ्याच टेबलावर होती आणि ती मी वाचली नाही. जितेंद्रचं नाव त्यांनी घेतलं नाही. मग सॅन्टन पुढे आला.

"बाई, एवढ्या शिकल्यासवरल्या तुम्ही. आमच्या पोरांना शिकवलं, की न वाचता सही करू नका. मग तुम्ही कोऱ्या कागदावर सह्या का केल्या? एवढंच सांगा. का?"

मित्रांनो, उत्तर बाईंच्या ओठांवर होतं. एकच नाव घ्यायचं होतं. बेलाचं. ते घेतलं असतं तर गाव विरघळला असता. पर्समध्ये मी तळमळत होतो, सांगा ना बाई, सांगा! बाईंनी सॅन्टनकडे पाहिलं. त्याच्या शर्टाच्या बाहीवर अजून बेलाच्या दुखवट्याची काळी फीत होती. बाईंनी मान खाली घातली आणि काहीच बोलल्या नाहीत.

"बघा," मागून कुणीतरी म्हणालं, "आता तोंड उघडत नाय. घेतलेच असतील फ्लॅट."

पुढे चौकशी झाली. एका अधिकाऱ्याने मला कोऱ्या कागदावर तीनदा उमटवलं, त्या पत्राशेजारी ठेवून भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "जुळतो." बाईंवर गुन्हा असा काही सिद्ध झाला नाही, पण निर्दोष आहेत असंही कुणी लिहून दिलं नाही. बाईंनी राजीनामा दिला. शाळेत पुन्हा शिकवायला जाण्याचं त्यांनी मनात आणलं होतं, पण पालकांची कुरकुर सुरू झाली आणि ते राहून गेलं. मी टेबलाच्या खणात पडलो. शाई वाळली. मला कुणी विचारेना आणि बाईंनाही. त्या खणात मी एकच ध्यास घेतला होता. कुणीतरी सॅन्टनला खरं सांगावं. खरं कळलं की बाई मोकळ्या होतील, तोही मोकळा होईल, असं मला वाटायचं. शिक्क्याची अक्कल ती केवढी!

पाच वर्षं गेली. गावातल्या विहिरी एकेक करून खाऱ्या झाल्या. जितेंद्रला बाईंची बदनामी सहन होईना. एक दिवस त्याने उमेळ्याला जाऊन सॅन्टनला सगळं सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सॅन्टन बाईंच्या दारात उभा राहिला. खण अर्धा उघडा होता, म्हणून मी त्याला पाहिलं. तो म्हातारा दिसत होता. बाईंनी त्याला बसवलं, चहा ठेवला.

"बाई, जितेंद्र म्हनत व्हता ते खरं का? त्या सह्या तुम्ही बेलासाठी सुरू केल्या?"

"बेलासाठी नाही, सॅन्टन. माझं मन मला खात होतं, म्हणून."

"मंजी बेलासाठीच." तो खाली बघत म्हणाला. "भर गावात मी इचारलं, तेव्हा का नाय बोलल्या?"

"तुला तेव्हाच काय कमी दुःख होतं?"

"मी त्या दिवशी पत्राला आलो नसतो, तर तुम्ही सह्या केल्या नसत्या. सह्या नसत्या तर पानी गेलं नसतं. माझ्या बेलापायी गावाचं पानी गेलं, बाई."

"नाही रे! माझ्या हलगर्जीपणाने गेलं. प्रत माझ्यासमोर होती. मी वाचली नाही. ऐकतोस का? मी वाचली नाही!" बाई जवळजवळ ओरडल्या.

पण तो ऐकत नव्हता. तो उठला, बाईंना हात जोडले आणि चहा तसाच ठेवून निघून गेला. महिन्याभरात त्याने बाग सोडली आणि गावही सोडलं. ज्याच्यासाठी बाईंनी स्वतःचं नाव मातीत घातलं, त्याला ते ओझं शेवटी उचलावंच लागलं. बाई त्या दिवसापासून फार बोलत नाहीत. मी ज्या सत्याची पाच वर्षं वाट पाहिली, त्याने कुणीच सुटलं नाही.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, तुमच्या हातात अजून सह्या आणि शिक्के नाहीत. पण तुमच्या घरात, ओळखीत असतील. तुमची मोठी माणसं चांगली असतील, दयाळू असतील, कुणाचं तरी भलं करण्याच्या घाईत असतील. त्यांना कधी कोऱ्या कागदावर वाकलेलं पाहिलंत, तर तेवढं एक करा. आमच्यासारख्यांना त्यांच्या हातातून काढून घ्या आणि पळा. ते रागावतील, कदाचित एक धपाटाही घालतील. खा तो धपाटा. आम्हाला ओरडता येत नाही, तुम्हाला येतं.